अठ्ठ्याण्णव अंश

"सर, उमरग्याचं हाय," असं म्हणत वीरप्पा पोस्टमनने निळं आंतरदेशीय पत्र माझ्या हातात दिलं, तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर बसून स्टोच्या वाती कातरत होतो. बोटांना रॉकेल लागलेलं होतं. पत्राच्या कोपऱ्यावर त्याचा डाग पडला. तो डाग अजून आहे, पत्रही आहे. १९७३ सालचा ऑगस्ट होता. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. फार तर चार महिने माहीत नव्हतं. पुढची पन्नास वर्षं माहीत होतं.

पत्र कडूबाई लिंबाजी सरवदे हिचं होतं. आदल्या शालेय वर्षात ती माझ्या नववीच्या वर्गात होती. तिच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडूबाई ठेवलं, म्हणजे नजर लागणार नाही. वर्गातली पोरं तिला कारलं म्हणत. ती हसायची नाही, रडायचीही नाही. तिसऱ्या बाकावर खिडकीच्या कडेला बसायची आणि लिहून झालं की पेन्सिल केसात खोचायची.

आमची शाळा अणदूरपासून सहा मैलांवरच्या एका खेड्यात होती. गावाचं नाव लिहीत नाही. पत्र्याच्या चार खोल्या, समोर एक बाभूळ आणि शेवटच्या खोलीत विज्ञानाचं कपाट. या कपाटावर माझा फार जीव होता. त्यात एक मोडका तराजू होता, दोन भिंगं होती, चंचुपात्रं म्हणून वापरायचे काचेचे तीन पेले होते आणि सोलापूरहून आणलेला एकच एक थर्मामीटर होता. तो मी पत्र्याच्या नळकांड्यात कापसात गुंडाळून ठेवत असे. बाहेर काढताना पोरं श्वास रोखत. हात धुवायला पाणी नसायचं, म्हणून सगळे सदऱ्याला हात पुसायचे आणि तळवे उलटेपालटे करून मला दाखवायचे. आजही डोळे मिटले की ते तीस-पस्तीस तळवे मला दिसतात.

प्रयोग क्रमांक सात : पाणी तापवले असता त्याच्या तापमानात होणाऱ्या बदलांचे निरीक्षण. पेल्यात पाणी, खाली स्टो, वर दोऱ्याने टांगलेला थर्मामीटर. एक जण माझ्या मनगटी घड्याळाकडे बघून "झालं मिनिट!" असं ओरडायचा, दुसरा पारा वाचायचा, तिसरा लिहायचा. बत्तीस, सदतीस, त्रेचाळीस. पारा चढताना वर्ग असा गप्प व्हायचा की स्टोची फुरफुर ऐकू यायची. मी भित्रा माणूस. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण त्या अर्ध्या तासात मला आपण शिक्षक असल्यासारखं वाटायचं.

आता कबूल करायची गोष्ट. आम्ही पाणी कधी उकळत नव्हतो.

रॉकेल रेशनवर होतं. शाळेला महिन्याला एक बाटली मिळे. तीत विज्ञानही भागवायचं आणि मास्तर लोकांचा चहाही. म्हणून माझ्या आधीच्या मास्तरांनी एक पद्धत पाडली होती. ऐंशी अंशांपर्यंत पाणी तापवायचं, मग पेला कोंडिबा शिपायाच्या हवाली करायचा. तो त्याच गरम पाण्यात चहाची पत्ती आणि गूळ टाकून दोन मिनिटांत चहा उकळायचा. पुढचे आकडे मी फळ्यावर लिहून द्यायचो, पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव, शंभर, शंभर, शंभर. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. आलेख फार देखणा यायचा, आधी सरळ चढण आणि मग सपाट माळ. "प्रयोग झाला म्हंजी च्या झाला," असं कोंडिबा म्हणायचा. अकरा वर्षं मी हा प्रयोग शिकवला होता आणि पाणी उकळताना पारा कुठं थांबतो, हे माझ्या डोळ्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाहायची गरजही कधी वाटली नाही. पुस्तकात होतं ना.

प्रयोगाचं पाणी पोरं घरून आणत, हजेरीपटाप्रमाणे पाळीपाळीने. वर्गात बुद्धवाड्यातली चार मुलं होती. त्यांची पाळी आली की दुसरं कुणीतरी तांब्या घेऊन यायचं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. मीही ठरवलं नव्हतं. ठरवलेलंच नव्हतं, म्हणून ते मोडायची वेळही कधी आली नाही.

त्या फेब्रुवारीत गावची विहीर आटून तळ दिसत होता. पोरांच्या आया पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. पोरं दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खिशात घेऊन शाळेत येत आणि चिमूटचिमूट खात, त्यामुळे सगळ्या वर्गाला तिचा भाजक्या पिठासारखा वास यायचा. टँकर एक दिवसाआड यायचा, कधी दोन दिवस यायचा नाही. त्या दिवशी पाणी आणायची पाळी रामलिंगची होती. तो रिकामा तांब्या घेऊन उभा राहिला.

"सर, टँकर आला न्हाय. आई म्हणली, प्याला न्हाय तर तुज्या मास्तरला तापवायला कुठलं आणू?"

वर्ग हसला. मी थर्मामीटर परत कापसात गुंडाळायला लागलो.

"म्या आणलंय सर," तिसऱ्या बाकावरून आवाज आला. कडूबाई उभी होती. हातात जर्मनचा तांब्या, वर फडकं बांधलेलं. ओढ्यातल्या त्यांच्या आडाला तेवढं पाणी होतं. सगळ्या गावात त्या महिन्यात तेवढ्याच एका आडाला होतं.

वर्ग जरासा थबकला. मी म्हणालो, "ठीक आहे. ओत." आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. किती स्वस्तात वाटला, ते पुढं कळलं.

पारा सत्तरावर असताना हेडमास्तर आबाराव यांनी मला बोलावलं. दुष्काळी कामाच्या हजेरीच्या याद्या शिक्षकांकडून लिहून घेत असत, त्यांतल्या कुठल्या तरी नावावरून घोळ झाला होता. तो निस्तरायला मला वेळ लागला. परत आलो तर सगळा वर्ग स्टोभोवती गोळा झालेला. पेल्यात पाणी खदखदत होतं. वाफेने खिडकीच्या काचेवर ओल धरली होती आणि एक पोरगं तीवर बोटाने नाव लिहीत होतं.

"स्टो का बंद केला नाही?"

"म्या म्हणलो सर हिला," रामलिंग घाईने म्हणाला. "ऐंशी झालं, बंद कर, बंद कर. ऐकंना! रॉकेल काय हिच्या बापाचं हाय का?"

कडूबाईने मान वर केली नाही. ती पाऱ्याच्या उंचीला डोळे आणून वाकून बघत होती. मीच तसं शिकवलं होतं.

"सर, फळ्यावर तुमी शंभर लिवता न्हवं, ते कवा होतंय ते बघावं म्हणलं. पर पारा अठ्ठ्याण्णवच्या म्होरं जाईना. सा मिनिटं झाली. पाणी तर लई उकळाय लागलंय."

मी वाकून पाहिलं. अठ्ठ्याण्णव. चष्मा पुसून परत पाहिलं.

"थर्मामीटर बिघडलाय," मी म्हणालो.

तिने परत एकदा पारा पाहिला. उलट बोलायचं म्हणून बोलली नाही, हे मला आज नक्की सांगता येतं. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मग सर, ऐंशी बी खोटंच की."

वर्ग हसला. हसू तिच्या बोलण्याला होतं की मला होतं, कोण जाणे. माझे कान तापले. लहानपणापासून मला लोकांच्या हसण्याची भीती आहे. कुणी हसलं की मी तोंडाला येईल ते बोलतो आणि मग महिनोन्‌महिने ते आठवत बसतो.

"मग पाण्यात काहीतरी असेल," मी म्हणालो. "कुठलं पाणी आणलंस?"

कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"आमच्या आडाचं."

"मग तेच."

दोनच शब्द. तेवढ्यात कोंडिबा चहाची किटली घेऊन दारात आला.

"झालं का सर च्याचं पाणी? अरं वा, आज तर उकळूनच ठिवलंय!" मग त्याची नजर जर्मनच्या तांब्यावर गेली. "कुनाचं पाणी हाय हे?"

रामलिंगने हनुवटीने दाखवलं. कोंडिबाने फडक्यात पेला धरला, बाहेर गेला आणि बाभळीच्या बुडाशी पाणी ओतून दिलं. "बाभळीला तरी मिळंल," तो म्हणाला. रागाने नव्हे, साध्या आवाजात. तो वाईट माणूस नव्हता. त्या महिन्यात गावात अंघोळीचं पाणी परातीत धरून म्हशीला पाजत होते. तापलेल्या मातीतून वाफ निघाली. कडूबाई खिडकीतून बघत होती, वाफ दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मी थर्मामीटर पुसून कापसात गुंडाळला. तो नीट गुंडाळायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात प्रयोगवह्या तपासायला आल्या. चौतीस वह्यांत शंभर आणि एका वहीत अठ्ठ्याण्णव. तिचा आलेख जरा आधीच सपाट झाला होता. मी तिला टेबलाजवळ बोलावलं.

"हे दुरुस्त कर."

"सर, म्या बघितलंय."

"तू बघितलंस. पण तपासणीला साहेब येणार आहेत. पुस्तकात शंभर आहे. वहीवर माझी सही नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना?"

बाहेर कोंडिबा तास द्यायला निघाला होता. मग ती म्हणाली, "खोडरबर हाय का सर?"

मी माझं दिलं. तिने माझ्यासमोर आकडा खोडला, रबराचा भुगा फुंकला, तिथं शंभर लिहिलं आणि आलेखाची रेघ दोन घरं वर नेली. मी सही केली. शेरा लिहिला, 'अक्षर सुवाच्य.' ती परीक्षेला बसली, वर्गात दुसरी आली आणि उन्हाळ्यात तिची आई धुरपदाबाई तिला उमरग्याला मावशीकडे पाठवून आली. तिथं वसतिगृह होतं, दोन वेळची भाकरी मिळायची.

आणि ऑगस्टात हे पत्र.

'ती. सरांना, जय भीम. पत्र लिहिण्यास कारण की, येथील शाळेत पाणी उकळण्याचा प्रयोग मी तीन वेळा केला. पहिले पाणी शाळेच्या बोअरचे. दुसरे आमच्या वस्तीतील आडाचे. तिसरे मठाच्या विहिरीचे. ते वर्गातील शरणप्पाने आणून दिले, मी विहिरीजवळ गेले नाही. तिन्ही पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळले. थर्मामीटर वेगळा होता. तेव्हा दोष पाण्याचा नाही असे दिसते. मग कारण काय असावे? येथील सरांना विचारले नाही. पाण्याविषयी आपण बोलला होता, म्हणून आपणांस विचारीत आहे. कृपा करून कारण कळवावे. आपली विद्यार्थिनी, कडूबाई.'

ओट्यावर बसून मी ते तीनदा वाचलं. मठ म्हणजे आमच्याच लिंगायत लोकांचा. लहानपणी उमरग्याला मामांकडे गेलो की मी त्याच विहिरीचं पाणी प्यायलेलो होतो.

कारण मला कळलं ते दिवाळीनंतर. बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने लातूरला चाललो होतो. येडशी स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. समोर पिवळी पाटी, तिच्यावर गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. दोन हजार फुटांच्या वर. मी किती वेळा ती पाटी पाहिली होती! उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी शंभराच्या आत उकळतं, हे मी दरवर्षी शिकवत असे. हिमालयाचं उदाहरण देत असे. पण आपणही डोंगरावरच राहतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. आमचा सगळा मुलूख माळाचा, सपाट, जिकडंतिकडं कुसळं. उभ्या जन्मात माणूस चढ चढत नाही, मग त्याला आपण उंचावर आहोत हे कळणार कसं? गाडी हलली तेव्हा मला हसू आलं. केवढी सुंदर गोष्ट त्या पोरीने आमच्या पत्र्याच्या खोलीत पकडली होती!

लातूरहून घरी परतलो त्या रात्री पत्र लिहायला बसलो. हवेच्या दाबाचं कारण दोन ओळींत संपलं. मग हात थांबला. कारण पाण्याचं लिहायचं राहिलं होतं. पाण्यात क्षार असले तर ते उशिरा उकळतं, शंभराच्याही वर. लवकर नव्हे. हे मला वर्गातही माहीत होतं, त्या दिवशीही माहीत होतं. म्हणजे माझ्या विज्ञानाप्रमाणे सुद्धा तिच्या आडाच्या पाण्याने पारा खाली थांबणं शक्य नव्हतं. मग मी "मग तेच" कशाच्या आधारावर म्हणालो? विज्ञानाच्या तर नाही. दुसरा आधार एकच उरतो, आणि तो माझ्या हाताने लिहवेना. नुसतं हवेच्या दाबाचं लिहून पाठवावं, तर तिने तिन्ही आड-विहिरींची नावं लिहिली होती. ती हुशार होती. न लिहिलेलं तिला दिसलं असतं.

तो कागद फाडला. मग दर दोन-तीन वर्षांनी एक कागद फाडत आलो.

वर्गात पद्धत तीच चालू राहिली. ऐंशीपर्यंत पाणी, पुढं फळा. रॉकेल नव्हतं ना, असं मी स्वतःला सांगत असे.

चौऱ्याऐंशी साली नववीची पोरं घेऊन मी उमरग्याजवळच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्राला गेलो. गावोगावी दूध सोसायट्या निघाल्या होत्या, सकाळी कॅन घेऊन जाणाऱ्या टेम्पोंची रांग लागायची. मोठ्या स्टीलच्या टाक्या बघून पोरं हरखली. प्रयोगशाळेत पांढरा ॲप्रन घातलेल्या बाई आमच्याकडे पाठ करून दुधात थर्मामीटर धरून उभ्या होत्या. केसात पेन्सिल खोचलेली.

"या सर," मागं वळून ती म्हणाली. जणू मी रोज येत होतो.

ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. बोलणं बरंच पुस्तकी झालं होतं, मधूनच गावचं डोकावायचं. पोरांना तिने लॅक्टोमीटर दाखवला. "हा एकटा काही सांगत न्हाई. आधी दुधाचं तापमान बघायचं, मग याचं खरं धरायचं. दूध गरम असलं तर हा पाणी घातलंय म्हणतो. उगंच कुणावर आळ येतो."

"आन्‌ बाई, कुणाच्या गावचं दूध कुठलं, कसं कळतंय?" एका पोराने विचारलं.

"टाकीत पडल्यावर?" ती हसली. "टाकीत पडलं की संपलं, बाळा. अणदूरचं बी तेच, तामलवाडीचं बी तेच. बामणाचं, पाटलाचं, आमचं, समदं चार अंशाला थंड." मग थर्मामीटर उचलून तिने विचारलं, "सांगा बघू, पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर!" चाळीस पोरं एका सुरात ओरडली.

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो.

"बरोबर," ती म्हणाली. "पुस्तकात तसंच हाय."

पोरांना सुगंधी दूध दिलं, मला चहा. कपबशी पुढं ठेवताना ती म्हणाली, "बोअरचं पाणी आहे सर." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. मी चहा प्यालो. गरम होता, जीभ भाजली, तरी घाईने प्यालो. निघताना फाटकापर्यंत ती आली.

"सर, त्र्याहत्तर साली म्या एक पत्र धाडलं होतं. मिळालं होतं का?"

पोरं गाडीत चढत होती. इतक्या वर्षांत त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायची याहून सोपी वेळ मला मिळाली नव्हती.

"नाही बा," मी म्हणालो. "पत्र? कसलं?"

"काय न्हाई. असंच." मग मला सांभाळून घ्यावं तसं ती म्हणाली, "पोस्टाचं काय खरं हाय सर."

वीरप्पा पोस्टमनने अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही पत्र गहाळ केलेलं नव्हतं. त्याच्यावरही मी आळ आणला.

पुढं दूध संघातून ती निवृत्त झाली तेव्हा कार्यक्रमाची पत्रिका आली. खाली तिच्या अक्षरात, 'सर, जमल्यास यावे.' मी गेलो नाही. पत्रिका ठेवून दिली, तिच्यावर घरचा पत्ता होता.

आता माझं वय पंच्याऐंशी. यंदाच्या उन्हाळ्यात पुस्तकं कुणाला तरी द्यावीत म्हणून ट्रंक उघडली. तळाशी तिची प्रयोगवही निघाली. वर्ष संपलं की वह्या रद्दीत जात, वाण्याच्या दुकानात त्यांच्या पुड्या व्हायच्या. ही तेवढी मी काढून घेतली होती. का घेतली, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. सातव्या प्रयोगाचं पान काढलं. शंभराच्या खाली, रबराने कागद पातळ झाला होता तिथं, अठ्ठ्याण्णव अजून दिसत होतं. पोरगी पेन्सिल दाबून लिहायची.

शाळा सोडताना जुना थर्मामीटर हेडमास्तरांनी मलाच भेट म्हणून दिला होता. तो घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई नीलम्मा भाजी निवडत होती.

"काय मामा, च्या पाहिजे का?"

"नको. पातेलंभर पाणी तापवायचंय."

"बसा की, म्या ठेवते."

"नाही, मीच बघतो."

तिने माझ्याकडे, मग थर्मामीटरकडे पाहिलं आणि भाजीची परात घेऊन बाहेर गेली. बाहेर कुणाला तरी म्हणताना ऐकू आलं, "मामांचं काय चाललंय बघा जरा. पाण्याला ताप आलाय का बघतेत."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. थर्मामीटरचा दोरा खिडकीच्या गजाला बांधला. ऐंशी झालं. तिथं हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला. मागं घेतला. पंच्याऐंशी. नव्वद. चष्मा वाफेने धुरकट झाला, पुसला. पाणी खदखदू लागलं आणि पारा अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला. घड्याळ लावून मी सहा मिनिटं बघितलं. तो हलला नाही.

नीलम्माला म्हणालो, "याच पाण्याचा चहा कर."

पत्राला चार दिवस लागले. पहिला दिवस नुसता मायन्यात गेला. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. सहासष्ट वर्षांच्या बाईला चिरंजीव म्हणण्याचा मला काय अधिकार? शेवटी लिहिलं ते असं :

'श्रीमती कडूबाई सरवदे यांस, जय भीम. तुमचे ऑगस्ट १९७३ चे पत्र मला त्याच महिन्यात मिळाले होते. चौऱ्याऐंशी साली मी तुम्हांला खोटे सांगितले. तुमच्या प्रश्नाचे कारण असे की, आपला भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आहे, तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. तुमचे निरीक्षण अचूक होते. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. क्षारांनी उत्कलनबिंदू वाढतो, कमी होत नाही, हे मला त्या दिवशी वर्गात माहीत होते. तरीही मी ते बोललो. पेला बाभळीखाली ओतला तेव्हा मी वर्गातच होतो, हे तुम्हांला माहीत आहे. वही सोबत पाठवीत आहे.'

क्षमेबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते काढून टाकलं. वाचणाऱ्याकडून काही मागायचं नाही, असं ठरवलं होतं.

वहीत शंभरावर लाल रेघ मारली, बाजूला अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि खाली सही केली, तारीख आजची. जुना शेरा तसाच राहू दिला.

पोस्टात गर्दी होती. माझ्या मागं निराधार योजनेच्या पैशांसाठी आलेल्या बायकांची रांग. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट काट्यावर ठेवलं.

"काय हाय आत, आजोबा?"

"एका विद्यार्थिनीची वही. तपासायची राहिली होती."

ती हसली. तिला गंमत वाटली असावी. "पोचपावती लावायची का? म्हंजी त्यांनी सही केली की तुमाला कार्ड येतंय."

"नको."

"मग मिळालं का न्हाई, कसं कळायचं तुमाला?"

"नाही कळलं तरी चालेल."

तिने शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्या बाईकडे हात केला. पोतं अर्धं भरलेलं होतं. पाकिटाचा एक कोपरा वर दिसत होता. मी तिथंच उभा राहून तो बघत होतो.

"आजोबा, झालं न्हवं तुमचं?" मागून आवाज आला. "सरका की जरा."

मी बाजूला सरकलो.